चार ठिपक्यांची कड

कोणतीही वस्तू हातात आली की तांडेल आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवत. चहाचा कप असो, लग्नाची पत्रिका असो, सोसायटीचा शिक्का असो. आधी कड, मग वस्तू. पहिल्या भेटीत मी त्यांना माझं कार्ड दिलं होतं. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आल्याचा पुरावा म्हणून ते छापून घेतलं होतं, आणि त्यावर 'सॉफ्टवेअर इंजिनीअर' हे शब्द माझ्या नावापेक्षा मोठे होते. तांडेलांनी कार्डाच्या चारही कडांवरून अंगठा फिरवला, न वाचताच ते खिशात घातलं आणि म्हणाले, "कागद बरो आसा."

माझ्याबद्दल इतकं नेमकं मत त्याआधी कोणी दिलं नव्हतं.

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशांचे जीवही. यांनी चाळीस वर्षं होडी चालवली होती. मग गुडघे गेले, होडी पुतण्यांकडे गेली आणि बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीने त्यांना कचेरीत खिडकीपाशी बसवलं. काम असं, की कोणती होडी बाहेर गेली, कोणती परत आली, याची नोंद ठेवायची. संध्याकाळपर्यंत एखादी आली नाही तर चौकशी सुरू करायची, गरज पडली तर दुसरी होडी पाठवायची. ते होड्या मोजत नसत, माणसं मोजत. दिवस कलताना बायका खिडकीशी येऊन विचारत आणि हे आतून म्हणत, "सगळे इले." तेवढ्या दोन शब्दांवर देवबागेपर्यंतच्या चुली पेटत. ती खिडकी म्हणजे त्यांची उरलेली होडी होती असं मी आता लिहितो. तेव्हा माझ्या दृष्टीने ते 'युजर' होते.

दोन हजार सात-आठची गोष्ट. मालवणच्या बाजारात, जिन्यावरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी होती. एका खोलीत आमचे मालक, म्हणजे सर, दुसऱ्या खोलीत मी आणि छपाईचं यंत्र. सोसायटीने होड्यांची नोंद संगणकावर आणायचं ठरवलं आणि ते काम सरांनी मिळवलं.

तोपर्यंत तांडेलांकडे भिंतीवर एक लांब फळी होती. फळीला दोन्ही बाजूंना खिळे आणि प्रत्येक होडीचा एक पितळी बिल्ला. होडी गेली की बिल्ला डावीकडून उजवीकडे, परतली की पुन्हा डावीकडे. बिल्ल्यांच्या कडांना तांडेलांनी स्वतः कानस मारून खाचा पाडल्या होत्या. कोणाला एक, कोणाला दोन जवळजवळ, कोणाला दोन लांब. आकडा न वाचता, अंगठ्याने, होडी कोणाची ते त्यांना कळे. मी ती फळी पाहिली आणि मनातल्या मनात हसलो. हसणं माझ्याकडे तेव्हा भरपूर होतं. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाकडे ते असतंच, तुम्ही पाहिलं असेल.

मी पडद्यावर चाळीस चौकटी मांडल्या. एक होडी, एक चौकट. समुद्रात असेल तर लाल, परतली की हिरवी. चौकट जागची हलत नसे, फक्त रंग बदले. मला हे फार सुटसुटीत वाटलं होतं. फळीवर होडी जागेवरूनही कळायची, डावीकडे की उजवीकडे; ती खूण आपण टाकून दिली याचा विचार मी केला नाही.

तांडेल दुपारी माझ्यामागे उभे राहून काम बघत. एकदा मी एका ओळीतला एक आकडा बदलला आणि चाळीसही चौकटींतली अक्षरं एकदम मोठी झाली. ते पुढे वाकले. एकाला हात लावल्यावर सगळे कसे बदलले, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी जरा ऐटीत समजावलं. आधी एक मूळ स्टाईल लिहायची: अक्षर केवढं, रंग कोणता, कड केवढी जाड. मग तिच्यावरून बाकीच्या काढायच्या. त्यांच्यात वेगळं काही सांगितलं नसेल तर सगळं मुळातलं येतं. मूळ बदललं की लेकी आपोआप बदलतात.

"म्हणजे घरचा वळण," तांडेल म्हणाले. "आवशीचा चेडवाक येता तसा."

मी हो म्हटलं. आवशीचं लेकीला, अगदी तसंच.

"आणि चेडू आडमुठा आसला तर?"

हा प्रश्न पुण्यात मला मुलाखतीत विचारला होता, फरक इतकाच की इंग्रजीत. मी त्यांना म्हटलं, "मगे तेच्या अंगारच लिवचा, तांडेलानू. अंगार लिवलला आसला की आवशीचा कायएक चलणा नाय."

हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी खिडकीबाहेर बसलेल्या दोघांना ते पुन्हा सांगितलं. संगणकाच्या घरातही आडमुठी पोरं असतात, आणि त्यांच्या अंगावर लिहून ठेवलेलं आईलासुद्धा पुसता येत नाही. पुढे आठवडाभर बंदरावर कोणी हट्टाला पेटला की म्हणत, "तेच्या अंगार लिवलला आसा."

आठ दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेतलं. समुद्रात असलेल्या होड्यांच्या चौकटीला जाड, काळी कड करून मिळेल का, असं विचारलं. मी म्हटलं, लाल आहेच की. त्यांनी मानेने नाही अशी खूण केली.

"रंग काय, उन्हात उडान जाता. कड रवता." मग आवाज कमी करून, "आवशीत नको. अंगार लिही. फुडे कोणी आवस बदलली तरी रवाक व्हया."

मला ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं. पण त्यांच्या चहाचा मिंधा होतो म्हणून मी ते केलं. चौकटीच्या अंगावरच लिहिलं: होडी बाहेर असेल तर कड काळी, चार ठिपके जाड. पडद्याच्या भाषेत चार ठिपके म्हणजे फारच झाले. दिसायला ते भयंकर दिसे, मयताच्या पत्राला कड असते तसं. तांडेलांनी पडद्यावर अंगठा ठेवला, एका चौकटीच्या कडेवरून वरून खाली फिरवला आणि समाधानाने मान हलवली. काचेवर कड लागत नाही हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी अंगठा फिरवला.

कारण कळलं ते मे महिन्यात, आमच्या घरी.

आमचं घर कुडाळच्या बाजूला, खेड्यात. भात, काजू, दारात रतांब्यांची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं. तांडेलांनी आईसाठी सुके बांगडे आणले होते आणि आई त्या बदल्यात त्यांना रतांबे देणार होती. ते म्हणाले, मीच काढतो. बांबूची आकडी घेतली आणि फांदी वाकवून वाकवून टोपली भरली. होडीवरच्या माणसाचा हात. एकही फळ खाली पडून फुटलं नाही. आईने टोपली पाहिली आणि तिला हसू आवरेना.

"तांडेलानू, ह्या काय? अर्धे हिरवेच काढल्यात! रतांबो तांबडो झाल्यार काढतत, इतक्या तुमका म्हायत नाय?"

तांडेल हसले नाहीत. टोपलीतलं एक फळ त्यांनी उचललं आणि अंगठ्याने दाबलं. मग दुसरं दाबलं. दाबून दाबून ते पिकलेली एकीकडे आणि कच्ची एकीकडे करू लागले, आणि एकही चुकलं नाही. हाताला लागलं तर त्यांना कळत होतं. लांबून, झाडावर, कळत नव्हतं. मी पायरीवर बसून ते बघत होतो आणि माझ्या डोक्यात ती चार ठिपक्यांची कड हळूहळू जागेवर बसत गेली.

कुडाळच्या स्टँडवर मालवणची गाडी येईपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. तांबडं आणि हिरवं त्यांना लहानपणापासून सारखंच दिसे, सुकलेल्या पाल्यासारखं काहीतरी. घरात फक्त धाकट्या भावाला माहीत होतं. होडीवर भाऊ पुढच्या टोकाला बसे, आणि समोरून येणाऱ्या होडीचा दिवा कोणत्या रंगाचा आहे ते मोठ्याने ओरडून सांगे. बाकी खलाशांना वाटे, याला ओरडायची खोडच आहे. चाळीस वर्षं भाऊ ओरडला आणि यांनी सुकाणू धरलं.

"चाळीस वर्सात एकदाय धडक नाय," ते म्हणाले. "पण कळला तर लोक ती चाळीस वर्सा मोजूचे नाय. म्हणतले, आंधळ्याच्या हातात आमची पोरा दिलेली."

मी म्हटलं, कोणाला कळणार नाही.

"आपल्या दोघांत," ते म्हणाले, आणि माझ्या मनगटावर बोट टेकवून पुढे म्हणाले, "भाऊ धरून तिघांत." गाडी आली. चढताना त्यांनी मागे वळून पिशवी माझ्याकडून घेतली आणि सवयीने तिच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

त्यानंतर काही महिने सगळं छान चाललं. तांडेल एका बोटाने माउस चालवत, आकडे टाकत, जाड कडेच्या चौकटी मोजत आणि संध्याकाळी खिडकीतून "सगळे इले" म्हणत. फळी उतरवून कोपऱ्यात उभी केली होती. लोक म्हणत, तांडेल संगणक शिकले. ते म्हणत, "तो माका शिकलो." मी कचेरीत गेलो की दारातूनच माझी वाट करून देत, जणू मी मोठा वैद्य आणि ते माझे बरे झालेले रोगी.

मग उद्घाटन ठरलं.

चार महिने सुरळीत चाललेल्या गोष्टीचं उद्घाटन करायचं म्हणजे त्या गोष्टीचा अपमान असतो, पण आपल्याकडे तो कोणी मनावर घेत नाही. जिल्ह्याहून साहेब येणार होते. मांडव पडला. संगणकासमोर समई ठेवायची की संगणकाला फीत बांधायची यावर चेअरमन आणि सेक्रेटरी यांच्यात दोन दिवस वाद झाला. शेवटी समई ठेवली आणि फीतही बांधली. या सगळ्यावर मी सरांजवळ भरपूर टिंगल केली. टिंगल करताना माणसाला वाटतं आपण मांडवाच्या बाहेर उभे आहोत.

सरांनी सांगितलं, फोटो निघणार आहेत, पेपरात येणार आहेत, पडदा जरा आधुनिक दिसू दे. हे मला हवंच होतं. मी तेव्हा नवीन पद्धत शिकलो होतो. सगळं रूप एका मूळ स्टाईलमध्ये आणायचं, बाकीच्या सगळ्या तिच्यावरून काढायच्या, इकडेतिकडे काही विखुरलेलं ठेवायचं नाही. मी दोन दिवस खपून तसं केलं. गोल कोपरे, काचेवर उजेड पडावा तशी झाक, आणि कड अजिबात नाही. मूळ बदललं आणि पडदा खरोखरच देखणा झाला. फक्त समुद्रात असलेल्या होड्यांच्या काळ्या कडा तशाच होत्या. लग्नाच्या मांडवात कोणी काळी छत्री उघडून बसावं तशा.

इथे मला थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुढची काही वर्षं मी ती चुकीची सांगितली. मूळ स्टाईल बदलली, त्या फेऱ्यात ती कड उडाली, माझ्या लक्षात आलं नाही. असं मी सरांना सांगितलं, एका मित्राला सांगितलं, आणि बऱ्याच वेळा स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. अंगावर लिहिलेलं मूळ बदलल्याने जात नाही. तेच तर मी तांडेलांना शिकवलं होतं. ते जायचं असेल तर त्या ओळीवर जाऊन, ती ओळ वाचून, हाताने पुसावी लागते. मी त्या ओळीवर गेलो. वाचली. कोणासाठी लिहिली होती ते मला आठवत होतं. मनाशी म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, कार्यक्रम झाला की परत घालू. आणि पुसली.

तांडेल तेव्हा बाहेर मांडवाला तोरण बांधत होते. सांगितलं असतं तर नको म्हणाले असते. म्हणून सांगितलं नाही.

साहेब सकाळी अकराला यायचे ते दुपारी साडेतीनला आले. तांडेलांना नवीन पांढरा शर्ट घालून सकाळपासून फाटकाशी उभं केलं होतं, हातात नारळ देऊन. त्यामुळे त्या दिवशीच्या परतीच्या नोंदी मी करत होतो. कोणती होडी आली, कोणती नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून खिडकीला जाड कापड लावलं होतं. समुद्र दिसत नव्हता.

भाषणं झाली. मी मोजत होतो. 'संगणकीकरण' हा शब्द चेअरमनांनी अकरा वेळा उच्चारला. मग साहेबांना वाटलं, प्रत्यक्ष काहीतरी बघावं. माणूस बरा होता, त्याने सहज विचारलं. पण सहज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वीस माणसांसमोर द्यायचं असलं की तो सहज राहत नाही. चेअरमनांनी तांडेलांना पुढे ओढलं, खांद्यांना धरून खुर्चीत बसवलं. हे आमचे जुने तांडेल, आता संगणक चालवतात.

"वा," साहेब म्हणाले. "मग सांगा, या घडीला समुद्रात किती होड्या आहेत?"

तांडेलांनी पडद्याकडे पाहिलं. गोल कोपऱ्यांच्या, झाक मारलेल्या चाळीस चौकटी, सगळ्या एकसारख्या. त्यांनी अंगठा उचलला आणि एका चौकटीच्या कडेवरून फिरवला. मग दुसऱ्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून तीन हातांवर होतो. मला तीन बोटं वर करता आली असती. मी समईच्या वातीकडे पाहिलं.

"सगळे आले, साहेब," तांडेल म्हणाले. कचेरीतलं मराठी, 'इले' नाही, 'आले'. मी त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं.

कोणीतरी मागून हसलं. साहेब पुढे वाकले आणि म्हणाले, अहो, या तीन लाल दिसताहेत ना. एक, दोन, आणि ही. मग आणखी चार-पाच जण हसले. चेअरमन घाईने म्हणाले, वय झालं साहेब त्यांचं, आम्ही इथे आता शिकलेलं माणूस देतोच आहोत. सर माझ्या कानाशी आले आणि दात आवळून विचारलं, आपल्या प्रोग्रॅममध्ये काही चूक आहे का?

मला 'आहे' म्हणता आलं असतं. तांडेलांचं गुपित न फोडता म्हणता आलं असतं. काल मी पडदा बदलला, त्यांना दाखवला नाही, चूक माझी. एवढं एक वाक्य पुरलं असतं.

"प्रोग्रॅम बरोबर आहे," मी म्हणालो. सरांसाठी बोललो होतो, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

तांडेल खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "होय साहेब," ते म्हणाले, "वय झालं."

त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. म्हातारा म्हणवून घ्यायचं, नाहीतर खरं सांगायचं. खरं सांगितलं असतं तर माझंही नाव त्यात आलं असतं. त्यांनी म्हातारा व्हायचं निवडलं, आणि तीन हातांवर उभं राहून मी ते त्यांना निवडू दिलं.

त्या तिन्ही होड्या सूर्य बुडायच्या आत सुखरूप परत आल्या. काही म्हणजे काही झालं नाही. पुढे लोक तो किस्सा मजेने सांगत. तीन होड्या दर्यात आणि तांडेल म्हणता, सगळे इले. एकदोघी बायका मात्र हसत नसत. त्या संध्याकाळी त्या खिडकीशी आल्या होत्या, आणि आतून उत्तर आल्यावर त्यांनी बाजूच्या माणसाला विचारलं होतं, खरं ना? तांडेलांनी ते ऐकलं होतं.

दुसऱ्या सोमवारी ते आलेच नाहीत. कोणी काढलं नव्हतं, कोणी बोलावलंही नाही. त्यांचं पुसायचं फडकं खिडकीच्या गजाला वाळत होतं, ते तिथेच राहिलं. त्यांच्या जागी एक वहिनी आल्या. संगणकाचा कोर्स केलेल्या, हुशार, दोन मुलांना शाळेत सोडून वेळेवर येणाऱ्या. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मी कड परत घातली. या वेळी अंगावर नाही, मूळ स्टाईलमध्येच, म्हणजे तिच्यावरून निघालेली कोणतीही चौकट असो, होडी समुद्रात असली की तिला ती मिळावी. ज्याच्यासाठी लिहायची तो गेल्यावर मी ती सगळ्यांना वाटली. वहिनींनी विचारलं, ही काळी पट्टी कशाला, काढून टाका की. मी म्हटलं, राहू दे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून थेट पडद्यावर येतं. उद्घाटनाचं कापड केव्हाच कोणीतरी होडी झाकायला नेलं होतं. चारच्या पुढे पडद्यावर लाल आणि हिरवं काही कळेना. सगळा पडदा पांढुरका. वहिनींनी चेअरमनांना सांगितलं, रंग दिसत नाहीत, पण त्या जाड कडा आहेत ना, त्यांच्यावर काम भागतं. उन्हात रंग उडतो, कड राहते. हे वाक्य त्यांनी कोणाकडून ऐकलेलं नव्हतं. चेअरमनांनी मला बोलावून, पाठीवर थाप मारून शाबासकी दिली. पोरगा किती पुढचा विचार करतो बघा, म्हणाले.

मी हसलो आणि म्हणालो, "वापरणाऱ्याचा विचार करावाच लागतो."

आयुष्यात बोललेली काही वाक्यं माणसाला आंघोळ करताना आठवतात. हे माझं.

त्या मे महिन्यात मी वालावलला गेलो. तांडेल तिथे मुलीकडे राहायला गेले होते. समुद्रावरचा माणूस तळ्याकाठी राहायला गेला की कसा दिसेल याची मी वाटभर कल्पना करत होतो, आणि मनात एक भाषणही जुळवत होतो. भाषणांची टिंगल करणारे लोक भाषणं तयार करतातच. पडवीत ते चटईवर बसले होते. थोडे वाळले होते, बाकी तसेच. मुलगी आवारातून रतांबे झोडून आणत होती आणि हे निवडत होते. एकेक फळ अंगठ्याने दाबायचं, पिकलं टोपलीत, कच्चं सुपात. मला पाहून त्यांनी मुलीला हाक मारली, "गो, सरबत आण. माझो मास्तर इलो."

सरबत आलं. मुलगी आत गेली. मी माझं भाषण सुरू केलं. मूळ स्टाईल बदलताना, कामाच्या घाईत, कसं होतं की, सगळं एकदम बदलतं, आणि त्यात...

"ता ऱ्हवांदे," तांडेल म्हणाले. फळ दाबत होते, वर पाहिलं नाही. "अंगार लिवलला आवशीक पुसूक येणा नाय. तूच सांगितललंस."

मी सरबताचा पेला खाली ठेवला.

"माका त्याच वक्ताक कळला. कड नाय म्हणजे कोणीतरी हातान पुसली. आणि ती लिवलली खंय ता तुकाच म्हायत."

इतके महिने मी मूळ स्टाईलच्या आड लपलो होतो, आणि ज्याच्यापासून लपत होतो त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या सगळं दिसलं होतं. माझ्याकडे का पाहिलं होतं, तेही आता कळलं. मदत मागायला नव्हे. खात्री करायला.

मी चुकलो म्हणालो. अगदी एवढंच, भाषणातलं बाकी काही उरलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, जशी कोणी भाव सांगितल्यावर हलवतात, पटला असा नाही, ऐकला असा. मग बंदराची चौकशी केली. वहिनी नोंदी वेळेवर करतात का, संध्याकाळी बायकांना खिडकीतून सांगतात का. मी म्हटलं, सांगतात. कड परत घातली आहे तेही सांगितलं. शाबासकी मिळाली ते सांगितलं नाही. तेवढी लाज मी स्वतःसाठी राखून ठेवली.

मी उठताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. माझ्या मागे, मी मेल्यावर, कोणाला सांगायचं तर सांग, म्हणाले, हरकत नाही. दुसऱ्या कोणाला तसं असेल तर त्याला कड मिळेल. "पण माझा नाव घालू नको. लोक म्हणतले, होडी भावान चालवली." आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते हसले. त्यांना भावाचा हेवा वाटत होता, चाळीस वर्षांनंतरही.

म्हणून इथे नाव नाही. दोन हजार दहाच्या पावसाळ्यानंतर ते गेले. मला चार दिवसांनी कळलं, बाजारात, छपाईचा कागद आणायला गेलो असताना. त्यानंतर मी जे जे पडदे बनवले, दवाखान्याचे, वाचनालयाचे, एका शाळेचा, त्या सगळ्यांच्या मूळ स्टाईलमध्ये ती चार ठिपक्यांची कड आहे. प्रत्येक नवीन माणूस विचारतो, ही कशाला. प्रोग्रॅममध्ये त्या ओळीशेजारी कारण लिहायची जागा असते. मी ती रिकामी ठेवली आहे.

पण मला ते दिसतात ते पडवीत. मी चपला घालत होतो. त्यांनी सुपाशेजारचा एक रतांबा उचलला, उजेडात धरला आणि माझ्यापुढे केला.

"हो कसलो?"

मी पाहिलं. "तांबडो," म्हटलं.

त्यांनी तो न दाबता टोपलीत टाकला.